मोबाइलवर बरोबर दिसणारं मराठी छापताना का तुटतं, आणि ते कसं थांबवायचं

मी तालुक्याच्या गावात डीटीपीचं, म्हणजे संगणकावर मजकूर मांडून छपाईची फाइल तयार करण्याचं, काम करतो. लग्नपत्रिका, बिलबुकं, भागवत सप्ताहाची पाम्प्लेटं, शाळेच्या स्मरणिका, बचत गटाच्या तिखट-हळदीच्या पाकिटांची लेबलं, हे सगळं आमच्याकडे सेट होतं आणि मल्टीकलर ऑफसेटचं (प्लेटवरून मोठ्या यंत्रावर छापायचं) काम असलं की नागपूर-अमरावतीकडे छपाईला जातं. या धंद्यात एक तक्रार दर हंगामात ऐकू येते. "भाऊ, मोबाइलवर त बरोबर दिसत होतं, मंग छापताना असं काऊन झालं?" 'शेतकऱ्यांना'चं 'शेतकर्यांना' झालेलं असतं, 'वऱ्हाडी'चं 'वर्हाडी', वकील पाहुण्यांच्या नावाआधीच्या 'ॲड.'च्या जागी नुसती चौकट. लोक म्हणतात, प्रेसवाल्यानं निष्काळजीपणा केला. कधी कधी तसं असतंही. पण बहुतेक वेळा मजकूर बिघडतो तो मोबाइल, डीटीपी आणि प्रेस यांच्या मधल्या प्रवासात, आणि तो कुठे बिघडला हे तुटलेल्या अक्षराकडे पाहूनच ओळखता येतं.

बिघाड कोणता, ते आधी ओळखा

पहिला प्रकार : मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ. 'मराठी' या शब्दाच्या जागी ई, जे, के, बी, एच अशी इंग्रजी अक्षरं ओळीनं दिसली, तर तो मजकूर कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप झालेला आहे आणि ज्या संगणकावर तुम्ही तो पाहता आहात तिथे तो फॉन्ट नाही. कृतिदेव, श्रीलिपीचे जुने फॉन्ट, शिवाजी, हे सगळे युनिकोड, म्हणजे मोबाइल-संगणकावर सगळीकडे चालणारी अक्षरांची एकच पद्धत, रुळण्याआधीचे. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच असतो, फक्त फॉन्टनं त्या इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असतात. फॉन्ट गेला की चित्रं गेली, खाली उरतं ते इंग्रजी.

दुसरा प्रकार : अक्षरं देवनागरीच आहेत, पण भलतीच. शब्द ओळखू येतो-येत नाही अशी अवस्था, मधेच 'क्ष', मधेच अर्धा 'ग'. इथे मजकूर एका जुन्या फॉन्टचा आणि त्याला लावलेला फॉन्ट दुसऱ्याच कुटुंबातला. प्रत्येक कंपनीनं चित्रं आपापल्या हिशेबानं मांडलेली आहेत, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्यात चालत नाही. डीटीपीसाठी वापरलं जाणारं कोरल ड्रॉ हे सॉफ्टवेअर फाइल उघडताना 'हा फॉन्ट नाही, त्याऐवजी कोणता लावू?' असं विचारतं. घाईच्या दिवसांत ऑपरेटरनं न वाचता ओके दाबलं की हा प्रकार होतो.

तिसरा प्रकार आता सगळ्यात जास्त आढळतो, कारण सगळे मोबाइलवर टाइप करतात. अक्षरं बरोबर, पण जोडणी मोडलेली. ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर चिकटलेला, 'विद्यार्थी'मधल्या 'द'चा पाय मोडून दाखवलेला आणि 'य' सुटा, रफार भलत्याच डोक्यावर. हा मजकूर युनिकोड आहे, म्हणजे मुळात चांगला आहे. पण ज्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला त्याला देवनागरीची अक्षरं जोडता येत नाहीत. कोरलमध्ये ही सोय नीट आली ती एक्स-सिक्सपासून, म्हणजे २०१२ साली. गावोगावी अजून त्याआधीच्या आवृत्त्या चालतात, कारण यंत्र जुनं आणि हात त्यावर बसलेला. फोटोशॉपमध्ये सोय असते, पण टाइपच्या सेटिंगमध्ये जाऊन 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' किंवा नव्या आवृत्तीत 'वर्ल्ड-रेडी' निवडावं लागतं. इनडिझाइनमध्ये सीएस-सिक्सपासून पॅराग्राफला 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' लावला की मराठी सरळ होतं. प्रेसवाला "आमच्याकडे युनिकोड चालत नाही" म्हणाला, तर त्याला ही सेटिंग नक्की दाखवा. अनेकदा तेवढ्यानं काम होतं.

चौथा प्रकार सगळ्यात लबाड. पूर्ण मजकूर ठीक असतो, फक्त चार-दोन अक्षरं हरवलेली किंवा बदललेली. नजर त्यावरून सरकून जाते आणि हजार प्रती छापून झाल्यावर दिसतं. याला कारण बहुधा कन्व्हर्टर, म्हणजे एका पद्धतीचा मजकूर दुसऱ्या पद्धतीत बदलणारं सॉफ्टवेअर.

कन्व्हर्टरमध्ये काय हरवतं

तुम्ही व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवता, तो युनिकोड. डीटीपीवाला जुन्या कोरलमध्ये काम करतो, म्हणून तो कन्व्हर्टरमधून काढून कृतिदेव किंवा श्रीलिपीत नेतो. या वाटेवर काही ठरावीक अक्षरं मार खातात.

त्यात पहिला नंबर ऱ्याचा. 'शेतकऱ्यांना', 'दुसऱ्या', 'पायऱ्या', 'वऱ्हाड' या शब्दांतला र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक तऱ्हा म्हणजे खाली टिंब असलेला ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त आणि पुढे य किंवा ह. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. पण ते न दिसणारं जोडचिन्ह कॉपी-पेस्ट करताना किंवा कन्व्हर्टरमध्ये गळून पडतं, आणि मग उरतो नुसता रफार. म्हणून 'शेतकर्यांना'. उपाय एकच : टाइप करतानाच टिंबाचा ऱ वापरा. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर तो शिफ्ट धरून जे दाबलं की येतो. कृषी केंद्राचं पाम्प्लेट असो की सोसायटीची सभेची नोटीस, आपल्याकडे 'शेतकऱ्यांना' हा शब्द नसलेला कागद विरळाच. तोच शब्द चुकीचा छापून गावभर वाटला जावा, हे मला सहन होत नाही.

मग 'ॲ'. 'ॲड.', 'ॲग्रो', 'ॲकॅडमी' यांतला अ-वर-चंद्र एका अक्षरात टाइप होतो. ते अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, म्हणून त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसतं आणि चौकट येते. रुपयाचं चिन्ह २०१० सालचं, त्याचीही तीच गत. जुन्या फॉन्टमध्ये काम असेल तर 'रु.' लिहिणं सुरक्षित.

आणि ई-मेल, वेबसाइट, यूपीआय आयडी. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षर म्हणजेच मराठी चित्र, त्यामुळे ई-मेलला तो फॉन्ट लागला की त्याचं न वाचता येणारं मराठी होतं. कंस, तिरकी रेघ, अधिक चिन्ह हेही बदलतात. अशा ओळींना वेगळा इंग्रजी फॉन्ट लावायला सांगा आणि प्रूफमध्ये, म्हणजे छपाईआधी तपासायच्या नमुन्यात, त्या ओळी आवर्जून पाहा. बचत गटाच्या लेबलवरचा अन्न परवान्याचा क्रमांक १४ आकडी असतो, तो बोट ठेवून मोजा.

मी माझ्याकडे येणाऱ्यांना एक चाचणी ओळ देतो. ती मजकुराच्या खाली जोडायची, डीटीपीवाल्याला तुमच्या मजकुराबरोबरच त्याच वाटेनं न्यायला सांगायची, आणि प्रूफमध्ये कशी आली ते पाहायचं :

वऱ्हाडी शेतकऱ्यांना, ॲड. श्रद्धा, विद्यार्थी ज्ञानेश्वर, कृपा हृदय, वाङ्मय, ब्राह्मी, उद्घाटन, सौ. कां., ₹ ५००

ही ओळ धड आली तर बाकी मजकूर तुटण्याची भीती फार कमी. मोडली, तर नेमकं काय मोडलं ते कळतं आणि तेवढंच हातानं दुरुस्त करता येतं. छपाईआधी ती ओळ काढायला मात्र विसरू नका.

फाइल प्रेसला देण्याआधी

डीटीपी कुठेही करा, प्रेसला जाणाऱ्या फाइलमध्ये फॉन्टचा प्रश्नच उरता कामा नये. कोरलमध्ये सगळा मजकूर निवडून कंट्रोल आणि क्यू दाबलं की अक्षरं 'कर्व्ह' होतात. ती आता अक्षरं राहत नाहीत, नुसत्या आकृत्या होतात, आणि आकृती कोणत्याही संगणकावर तशीच दिसते. पण कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये नंतर वेलांटीसुद्धा बदलता येत नाही. म्हणून दोन फाइली ठेवायच्या : एक दुरुस्तीची आणि एक कर्व्ह केलेली. डीटीपीवाल्याकडून दोन्ही मागून घ्या. पुढच्या वर्षी तेच पाम्प्लेट तारीख बदलून छापायचं असतं तेव्हा दुरुस्तीची फाइल कामी येते.

पीडीएफ देत असाल तर ॲक्रोबॅट रीडरमध्ये फाइल उघडून प्रॉपर्टीजमधल्या फॉन्टच्या खिडकीत पाहा. प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' किंवा 'एम्बेडेड सबसेट' असलं पाहिजे, म्हणजे तो फॉन्ट फाइलमध्येच भरलेला आहे. एकाही नावापुढे ते नसेल तर ती फाइल पुढे पाठवू नका. कॅनव्हात काम करणाऱ्या पोरांनी साधं पीएनजी न काढता 'पीडीएफ प्रिंट' निवडावं, 'फ्लॅटन'वर टिक करावी आणि ब्लीडची (कटिंगसाठी कडेबाहेर काढलेल्या रंगाची) खूण चालू ठेवावी.

फाइलचं नाव हाही खरा प्रश्न आहे. 'फायनल', 'नवीन फायनल', 'शेवटचं फायनल' अशा तीन फाइली प्रेसच्या व्हॉट्सॲपवर पडलेल्या असतात आणि छापली जाते मधली. नावात तारीख आणि वेळ टाका, जुन्या फाइली 'सगळ्यांसाठी डिलीट' करा, आणि फोनवर सांगा की सायंकाळी अमुक वाजता पाठवलेली तीच छापायची. खरी चूक आमच्याकडून दुरुस्त झालेली असते, तरी जुनीच फाइल छापून येते, याचं वाईट जास्त वाटतं.

प्रूफ कागदावरच वाचायचं

गाव प्रेसपासून दूर असतं. प्रूफ पाहायला नागपूरला जाणं परवडत नाही, म्हणून पडद्याचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो आणि आपण अंगठा दाखवून मोकळे होतो. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. पडद्याच्या फोटोत रफार, अनुस्वार, टिंब दिसत नाहीत. प्रेसला सांगा, छापायची फाइलच पीडीएफ करून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. ती तुमच्या गावच्या झेरॉक्सवाल्याकडे किंवा सेवा केंद्रात खऱ्या मापात छापून घ्या. प्रिंट देताना 'फिट' नको, 'ॲक्च्युअल साइझ' निवडायला सांगा, म्हणजे अक्षर किती बारीक येणार आहे तेही कळेल. घरातल्या म्हाताऱ्यांना वाचता येत नसेल तर ते आत्ताच कळलेलं बरं.

वाचायला दोघं बसा. एकानं मूळ कागदावरून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं प्रूफवर बोट फिरवायचं. पत्रिकेतली नावं खालून वर वाचा, म्हणजे सवयीनं पुढचं नाव आपोआप वाचलं जात नाही. तारीख आणि वार कॅलेंडरशी जुळवा. फोन नंबर वाचून नव्हे, प्रूफवर पाहून लावून पाहा, घंटी वाजली की झालं. नावांचा क्रम आणि मानपान हे घरातल्या जाणत्यानंच पाहावं. ते आमच्यासारख्या तिऱ्हाइताला कळत नाही, आणि एका मामाचं नाव राहिलं तर लग्नात काय होतं ते सांगायला नको.

मग त्या कागदावर 'छापावे' लिहून सही-तारीख करा आणि त्याचा फोटो प्रेसला पाठवा. ऑफसेटमध्ये प्लेट बनली की खर्च झाला. मल्टीकलरला चार प्लेटा लागतात. प्लेटनंतरची दुरुस्ती म्हणजे नव्या प्लेटा, आणि छपाईनंतरची म्हणजे नवा कागदसुद्धा.

रंग, फोटो आणि कटिंग

जयंतीच्या आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या पत्रकांत एक तक्रार ठरलेली : निळा मागितला, जांभळा आला. दीक्षाभूमीला जाणाऱ्या लोकांच्या हातात पडणारा कागद, त्यावरचा निळा निळाच हवा. मोबाइलचा पडदा प्रकाशानं रंग दाखवतो, छपाई चार शाईंनी करते : सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक. पडद्यावरचा झगझगीत निळा या चार शाईंत आपोआप बदलला की सायन आणि मॅजेंटा जवळजवळ सारखे पडतात, आणि सायन १०० व मॅजेंटा १०० म्हणजे कागदावर जांभळाच. मॅजेंटा ६०-७० च्या वर जाऊ देऊ नका, दोहोंत निदान ३० चा फरक ठेवा. भगव्याची अडचण उलटी : त्यात थोडाही सायन शिरला की तो मळकट होतो. सायन शून्य, यलो १००, मॅजेंटा ५० ते ६० एवढं ठेवून पाहा. पक्का रंग हवा असेल तर आधी छापलेला, आवडलेला एखादा कागद प्रेसला पाठवा. मोबाइलवर दाखवून रंग ठरत नाही.

बारीक मजकूर नेहमी नुसत्या काळ्या शाईत. चार शाईंचा काळा केला आणि यंत्रावर कागद केसभर सरकला की अक्षराला रंगीत सावली येते आणि वाचता येत नाही.

फोटो फुटण्याचं कारण व्हॉट्सॲप. तिथून साधा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलची. छपाईला इंचाला ३०० लागतात, म्हणजे तो फोटो सव्वापाच इंचांपर्यंतच धड येणार. ए-फोर भरून हवा असेल तर २४८० बाय ३५०८ पिक्सेल पाहिजेत. म्हणून फोटोसुद्धा 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवा. चौकातल्या मोठ्या फ्लेक्सला इंचाला ७२ ते १०० चालतात, तो लांबून पाहायचा असतो.

कटिंगसाठी चारही बाजूंना रंग ३ मिलिमीटर बाहेर काढा आणि मजकूर कडेपासून ५ मिलिमीटर आत ठेवा. ए-फोरची फाइल मग २१६ बाय ३०३ मिलिमीटरची होते.

ऑर्डर देताना काय बोलायचं

प्रती किती, माप काय, कागद कोणता आणि किती जीएसएमचा (म्हणजे किती वजनाचा), एका बाजूनं की दोन्ही, रंग किती, घडी-क्रीझिंग-पिनिंग काय, माल कधी आणि कसा येणार, हे एका मेसेजमध्ये लिहून पाठवा आणि दरही लिहून घ्या. शंभर-दोनशे प्रती असतील तर डिजिटल बरं पडतं, हजाराच्या पुढे ऑफसेट. पाचशे आणि हजार यांच्या ऑफसेटच्या दरात फारसा फरक नसतो, कारण मुख्य खर्च प्लेटचा आणि यंत्र लावण्याचा.

बिलबुकांसाठी एवढंच : जीएसटीच्या नियमानं मालाच्या बिलाच्या तीन प्रती, सेवेच्या दोन, आणि बिलाचा क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरी, त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा. नंबर कुठून सुरू करायचा हे जुन्या पुस्तकाचं शेवटचं पान पाहून सांगा. कंपोझिशनवाल्या (जीएसटीच्या ठरावीक कमी दराच्या योजनेतल्या) दुकानदारानं आपल्याला कर घेता येत नाही ही ओळ बिलावर छापून घ्यावीच.

लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीचं पत्रक असेल तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ प्रमाणे मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता त्यावर हवा, आणि प्रकाशकाचं दोन ओळखीच्यांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र प्रेसला द्यावं लागतं. प्रेसवाला ते मागत असेल तर त्याच्यावर चिडू नका. न पाळल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

वेळेचंही पाहा. तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची गर्दी सुरू होते आणि अक्षय तृतीयेच्या आसपास प्रेसला श्वास घ्यायला फुरसत नसते. पावसाळ्यात आर्ट पेपरवरची शाई वाळायला वेळ लागतो. घाई केली की एका कागदाची शाई दुसऱ्याच्या पाठीला लागते.

छापून आलंच चुकीचं, तर

सहीचं प्रूफ बाहेर काढा. चूक प्रूफमध्येच होती तर खर्च आपला. प्रूफ बरोबर आणि छपाई चुकीची, तर बहुतेक प्रेस पुन्हा छापून देतात. मात्र हे गठ्ठा उघडल्याबरोबर सांगायचं, अर्ध्या पत्रिका वाटून झाल्यावर नाही. सगळं पुन्हा छापायची गरज नेहमी नसते. पत्रिकेचं पाकीट आणि कव्हर चांगलं असेल तर आतलं एकच पान नव्यानं काढा. फोन नंबर किंवा तारीख चुकली असेल तर तेवढ्या मापाची चिकटपट्टी त्याच रंगाच्या कागदावर छापून लावता येते. ती गावच्या झेरॉक्सवर एका दिवसात होते. पाहुण्यांच्या नावात चूक असेल तर मात्र पट्टी लावू नका, ते पान पुन्हाच छापा.